घड्याळाखालची सीडी

आदल्या संध्याकाळी नसीमचा यवतमाळच्या दवाखान्यातून फोन आला होता. छातीत जड वाटतं म्हणून तिचे भाऊ सलीमभाई तिला घेऊन गेले होते आणि डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं होतं. मला वाटलं, तब्येतीचं काही सांगेल. तर म्हणाली, "कुसुम, मशीनवर खोळ टाकली काय वं?" मी भडकलेच. म्हटलं, "तू तिथं सलाईन लावून पडली अन् तुले खोळीची पडली? झोप मुकाट्यानं." तिनं पुन्हा तेच विचारलं. मी उत्तर दिलं नाही, ठेवते म्हटलं आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुपात तुरीची डाळ घेऊन बसले होते, तेव्हा सलीमभाईंचा फोन. "ताई, नसीम गेली हो..." ते पुढं काही बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. खरं सांगायचं तर आधी रडू आलं नाही, रागच आला. छातीत दुखतंय हे ती कितीतरी दिवस अंगावर काढत होती, हे मला तिच्या भावजयीकडून कळावं? आयुष्यभर जिच्याशी रोज एकदा तरी भांडले, तिनं एवढी मोठी गोष्ट सांगायची नाही? आता महिना होत आला. तिचा चाळिसावा अजून व्हायचा आहे. राग काही पुरता गेलेला नाही, आणि तो घेऊनच हे लिहायला बसले आहे.

दिग्रसमध्ये नसीमला क्लासच्या पोरी 'बाजी', म्हणजे ताई, म्हणायच्या. आम्ही दोघी एका वर्गात होतो, एका बाकावर. लग्न होऊन ती फुलसावंगीला गेली आणि नवरा लवकर वारल्यामुळे काही वर्षांत परत आली. आल्यावर भावाच्या घरात भाकरी बडवत बसायचं तिनं साफ नाकारलं. सलीमभाईंचं मोटर वाइंडिंगचं काम. घराची रस्त्याकडची खोली त्यांनी तिला दिली आणि तिथं तिनं टायपिंगचा क्लास काढला. मराठी ती शिकवायची, इंग्रजी मी. फक्त पोरींचा क्लास. गावात दुसरीकडेही टायपिंग शिकवायचे, पण तिथं मुलं असायची, आणि दारात सायकली लावून उभी राहणारी वेगळी. नसीमच्या खोलीचं तसं नव्हतं. खेड्यावरून एसटीनं येणाऱ्या पोरींचे बाप स्वतः येऊन खोली बघायचे, नसीमशी दोन शब्द बोलायचे आणि निर्धास्त होऊन बाजारात निघून जायचे. तिच्या बोलण्यात काय होतं कोण जाणे. मी बोलायला लागले की बाप घाबरायचे, माझा आवाजच तसा. दर शनिवारी क्लास सुटला की आम्ही दोघी सगळे टाइपरायटर उघडायचो, ब्रश मारायचो आणि प्रत्येकाला तेल द्यायचो. तिच्या मते यंत्राला तेल आणि माणसाला चहा वेळेवर मिळाला की दोघंही कुरकुर करत नाहीत. हे तेल पुढं आमच्या मुळावर येणार होतं.

ती कापसाची वाईट वर्षं. माझे यजमान एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढतात तिथं, दिवाणजी होते, त्यामुळे आमच्या घरी सकाळी चहाबरोबर कापसाच्या भावाचीच चर्चा. सीझन आला तरी जिन बंद, गाड्या भरून उभ्या, शेतकरी म्हणतो देत नाही, व्यापारी म्हणतो घेत नाही. पेपर तर उघडवत नव्हता. या सगळ्याचा आमच्या क्लासवर उलटाच परिणाम झाला. जो बाप आधी म्हणायचा, पोरगी शिकून काय करणार, तोच आता पोरीला घेऊन दारात उभा. कापसाचा भरवसा उरला नव्हता. पोरीच्या हाताला काही तरी यावं, कचेरीत, पतपेढीत, कुठंही चिकटावी. पण प्रत्येक जण एकच विचारायचा, "कॉम्प्युटर हाये काय?" आमच्याकडे होते टाइपरायटर, आणि त्यातल्या निम्म्यांचे सुटे भाग मिळणं बंद झालेलं. शेवटी यवतमाळच्या एका कचेरीनं काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर आम्ही घेतला. मोठा डबा, पिवळा पडलेला पडदा, आणि आत कोणीतरी कॉपी करून टाकलेली सिस्टिम. सगळ्या गावात तशीच होती. असली घेतलेली मी तरी पाहिलेली नाही.

आणि नेमकं त्याच सुमारास बाजाराच्या रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानावर धाड पडली. चोरीच्या सीड्या वापरतात म्हणून कोणी तक्रार केली होती. पोलीस आले तेव्हा आत पोरी शिकत होत्या. त्यांना बाहेर काढून रस्त्याच्या कडेला उभं केलं, मशिनी उचलल्या, पोरींना घरी जा म्हणून सांगितलं. झालं ते एवढंच. पण बाजाराचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की दुकानातून पोरी पकडल्या. कशासाठी, ते ज्याचं त्यानं आपल्या मनानं घातलं. त्यातली एक आमच्याकडे मराठी टायपिंग करून गेलेली होती, हुशार, अदबीनं बोलणारी. तिचं जमलेलं लग्न मोडलं. नसीम तिच्या घरी जाऊन आली. आल्या आल्या आम्ही घेतलेल्या त्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाली, "याच्यातलं काढाचं."

"काढून काय टाकशीन?" मी विचारलं. "असली घ्याची आपली ऐपत हाये काय?"

तिनं पर्समधून पेपराचं कात्रण काढलं. पुरवणीत कोणी तरी लिहिलं होतं... लिनक्स नावाची एक सिस्टिम असते, ती फुकट मिळते, वापरा, दुसऱ्याला द्या, कोणी काही म्हणत नाही. इंटरनेटवर नाव-पत्ता भरला की परदेशातून सीडी घरपोच पाठवतात, टपालखर्चही तेच करतात.

"फुकट कोण देते बाप्पा? अन् कायले?" मी म्हटलं.

"तेच तं मले समजून नाही राह्यलं," नसीम म्हणाली. "पण लिहिलं हाये न."

मी तेव्हाच पाय रोवून उभी राहायला हवी होती. पण नसीमनं एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. आम्ही यवतमाळला जाऊन एका नेट कॅफेत बसलो, पत्ता भरला, आणि वाट पाहायला लागलो. ती वाट अशी की मी विसरूनसुद्धा गेले. नसीम मात्र रोज पोस्टमनला अडवायची. इकडे पोरी विचारायच्या, बाजी, कॉम्प्युटर कधी शिकवता? ही सांगायची, येऊन राह्यलं. काय येऊन राह्यलं ते कोणालाच माहीत नाही. पाकीट आलं तेव्हा ते नसीमच्या हाती पडायच्या आधी सगळ्या गल्लीनं पाहून घेतलं. नसीमच्या नावानं परदेशातून पाकीट! कोणी म्हणे दुबईचं स्थळ असेल, कोणी आणखी काही कुजबुजलं, ते मी लिहीत नाही. मी त्या दिवशी गल्लीतल्या दोघी-तिघींना दारात उभं राहून असं सुनावलं की नसीमनंच मला हाताला धरून आत ओढलं.

आत एक सोडून चांगल्या चार-पाच सीड्या होत्या, प्रत्येकीला कागदी पाकीट. पाकिटावरचं इंग्रजी मी वाचून दाखवलं. हवी तितकी कॉपी करा, शेजाऱ्याला द्या, शाळेला द्या. नसीमनं ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. "म्हणजे दुसऱ्याले देली तं चोरी नाही?" मी म्हटलं, "नाही वं, उलट दे म्हणूनच सांगून राह्यले." ती एकदम हसली. तिला असं हसताना मी शाळेत असताना पाहिलं असेल.

ते हसू फार टिकलं नाही. सीडी घातली, मशीन चालू केलं, आणि पडद्यावर आली ती जुनीच सिस्टिम. पुन्हा केलं, पुन्हा तीच. दिवसच्या दिवस आम्हाला वाटत होतं की सीडी कोरी आली. मग कात्रण पुन्हा वाचलं, त्यात लिहिलं होतं, मशीन सुरू होताना एक बटण दाबून 'आधी सीडी बघ' असं त्याला सांगावं लागतं. कोणतं बटण ते लिहिणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. त्या लेखकाचा मी इतका उद्धार केला आहे की त्याला उचक्या लागल्या असतील. आता आमचीही अक्कल बघा. आम्ही दोघी टायपिंगवाल्या. नसीमनं धड्यासारखं सुरू केलं, डावीकडून उजवीकडे, वरच्या ओळीतून खालच्या ओळीत, प्रत्येक अक्षराला मशीन एकदा बंद, एकदा चालू. बटण होतं अगदी टोकाला, उजव्या कोपऱ्यात, जिथं टाइपरायटरला काही नसतंच. ते सापडलं तेव्हा ती विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळली, आणि लाइन गेली.

लोडशेडिंगचं आजच्या वाचकाला काय सांगू? लाइन असायची थोडी आणि जायची फार. आमचं मशीन जुनं, सुस्त. सीडीवरून सगळं आत उतरवून घ्यायला त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ दिग्रसमध्ये सलग लाइन राहत नव्हती. अर्ध्यावर आलं की गेली. परत पहिल्यापासून. सलीमभाईंनी ट्रॅक्टरची बॅटरी लावून काही तरी जुगाड केला, त्यातून धूर निघाला आणि त्यांची बायको आम्हा तिघांवर ओरडली. मी म्हटलं, "नसीम, सोड. आहे ते चालू दे." ती म्हणाली, "जिनमधे जनरेटर हाये न?"

जनरेटर होता, पण जिन बंद होतं. भावाची ओढाताण चालूच. मग एकदाचं जिन सुरू झालं. मी यजमानांना गळ घातली, त्यांनी मालकाला, आणि आम्ही दोघी बायका तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून हातगाडीवर घालून भर बाजारातून जिनिंगला निघालो. लोक बघत होते. एकानं विचारलंही, "काय, बाई, घर बदलून राह्यल्या?" जिनच्या ऑफिसात एका टेबलावर मशीन मांडलं. लाइन जायची भीती नाही. सीडी घातली, सगळं कसं छान चाललं. पण ऑफिसचं दार सारखं उघडायचं. हमाल आत येतो, गाडीवाला आत येतो, आणि दरवेळी आतल्या हॉलमधली रुई भुरभुरत आमच्यापर्यंत. आम्हाला काय त्याचं? आम्ही दिग्रसच्या. सीझनमध्ये आमच्या चहावरसुद्धा रुई तरंगते, फुंकर मारून पितो. सगळं व्यवस्थित चालू असताना मशीन एका ठिकाणी थांबलं. लिहून आलं, सीडी वाचता येत नाही. दुसरी सीडी घातली, तीही तिथंच थांबली. तिसरीही. यजमान दारातून डोकावले, "झालं काय?" मी नुसतं पाहिलं, आणि ते परत गेले.

हातगाडीवरून घरी परत. दुसऱ्या दिवशी शनिवार. टाइपरायटरांना तेल द्यायचा दिवस. नसीमनं विचार केला की याचंही पोट साफ करावं. सीडीचा तो ट्रे बाहेर काढला, आत ब्रश मारला आणि टाइपरायटरचं तेल घेऊन दोन थेंब आत सोडले. मी शेजारीच होते. मीच म्हटलं, "घाल अजून एक, कुरकुर करते ते." आम्ही दोघींनी प्रेमानं घातलं. त्यानंतर तो ट्रे सीडी गिळायचा आणि पडद्यावर काहीच यायचं नाही.

मग एसटीत दोघींच्या मांडीवर तो डबा आणि यवतमाळ. दुकानदार चांगला होता. त्यानं ट्रेचा भाग उघडला आणि चिमट्यानं आतून रुईची एक काळी, तेलकट, लांब वात बाहेर काढली. मग दुसरी. "बाई, समईत लावाची होती काय हे?" तो हसत हसत खुर्चीवर बसला. "तेल कोणं टाकलं?"

"मी टाकलं," नसीम म्हणाली. "आम्ही टाइपरायटरले टाकतो."

त्यानं सांगितलं, हा भाग गेला, दुसरा बसवावा लागेल. आणि मग म्हणाला, "कायले त्या भानगडीत पडता? मी नेहमीची सिस्टिम टाकून देतो. चहा येईपर्यंत होते. त्याचे काही नका देऊ."

"ते चोरीचं असते न?" नसीमनं विचारलं.

"सगळेच वापरतात. तुमच्या गल्लीत कोण येते पाहाले?"

"कोणी नाही येत," नसीम म्हणाली. "पण नाही पाह्यजे. तुम्ही फक्त तो भाग बसवा."

तिथं मी कशीबशी गप्प बसले. पण स्टँडवर पुसदची बस लागायची होती, दिग्रस त्याच रस्त्यावर, आणि माझा तोल गेला. माणसांदेखत मी तिला बोलले. म्हटलं, "कोण विचारते तुले, सांग? कोण येऊन राह्यलं पाहाले? पोरी एक-एक करून दुसरीकडे चालल्या. क्लास बुडून राह्यला अन् तू ते फुकटचं घेऊन बसली. चहा येईपर्यंत होत होतं काम!"

नसीम डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती माझ्यासारखी ओरडत नाही. "कुसुम," ती म्हणाली, "त्या पोरीचं काय चुकलं होतं? शिकाले गेलती ते. तिले मालूम तरी होतं काय, मशीनमधे काय हाये? आपल्या खोलीत लोक पोरी पाठवतात, ते टायपिंगसाठी नाही पाठवत, आपल्या भरोशावर पाठवतात. उद्या कोण्या बापानं दारात उभं राहून विचारलं, बाजी, इथं काही चोरीचं तं नाही न, तं मले खाली पाहून बोलाचं नाही."

"कोणी विचारत नाही!"

"विचारीन कोणी तरी."

बस आली. आम्ही दोघी एका सीटवर बसलो आणि दारव्हा जाईपर्यंत मी तोंड खिडकीकडेच ठेवलं. मग तिनं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं माझ्या हातात ठेवलं. मी खाल्लं, पण राग ठेवूनच.

शेवटी ते झालं बकरी ईदच्या दिवशी. सणाला लाइन जाणार नाही असं जाहीर झालं होतं. मी ईद मुबारक करायला गेले, तर घरात पाहुणे, चुलीवर मोठं पातेलं, आणि ही बाई खोलीत मशीनसमोर. हाताला मसाल्याचा वास. भावजय दर थोड्या वेळानं येऊन हाका मारत होती. मी म्हटलं, "सणाचं तरी सोड." ती म्हणाली, "सण हाये म्हणून तं लाइन हाये." मशीननं विचारलं, जुनं सगळं पुसू का? नसीमनं एका क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. मग आम्ही पडद्यावरची ती पट्टी सरकताना बघत बसलो. पाहुण्यांनी खोलीत येऊन खुर्च्या घेतल्या, जणू क्रिकेटचा सामना. पट्टी भरली. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि पडदा वेगळाच आला, नवा, आमचा. सलीमभाईंनी टाळ्या वाजवल्या. नसीमनं डोळे पुसले आणि उठून बिर्याणी वाढायला गेली.

आता गोष्ट इथं संपायला हवी ना? नाही संपली. भाषांच्या यादीत मराठी होतं, त्यामुळे ती हरखली होती. पण मराठी टाइप करायला बसली तर अक्षरं भलत्याच जागी. टाइपरायटरवर 'क' जिथं, इथं तिथं दुसरंच काही. आयुष्य ज्या बोटांवर काढलं ती बोटं निकामी. पोरी पटापट शिकल्या, कारण त्यांच्या बोटांना जुनं काही माहीत नव्हतं. बाजी मात्र कागदाचे तुकडे कापून कळांवर चिकटवून एका बोटानं शोधत बसायची. एकदा तिनं कीबोर्ड बाजूला ढकलला आणि म्हणाली, "मले काहीच येत नाही आता." मला तिची इतकी कीव आली, आणि लगेच रागही आला, की कोणी सांगितलं होतं हे? तिनं परत कीबोर्ड जवळ ओढला. पुढं एक-दोन जुने कॉम्प्युटर आणखी घेतले, त्यांच्यातही तेच टाकलं. प्रत्येकाला तिनं जुन्या ओढणीची खोळ शिवली. क्लास सुटला की खोळ दारात झटकायची आणि मशीनवर नीट ओढून घ्यायची, चारी बाजूंनी. रुईचा एक तंतू आत जाता कामा नये. यात मी जरा जरी हयगय केली की झालं सुरू.

पण बाप यायचे आणि म्हणायचे, कचेरीत असं दिसत नाही, दुसऱ्या क्लासमध्ये असं दिसत नाही. त्यांना समजावता समजावता माझं डोकं फिरायचं. पोरी कमी झाल्या. ज्या राहिल्या त्या चांगल्या निघाल्या, कचेऱ्यांत लागल्या, तिथली वेगळी सिस्टिमही त्यांनी चार दिवसांत उचलली, हे खरं. पण पोरी कमी झाल्या हेही खरं, आणि ते मी तिला ऐकवत राहिले. त्या पाकिटातल्या बाकीच्या सीड्या तिनं वाटून टाकल्या, एक तेवढी पाकिटासकट भिंतीवर लावली, घड्याळाच्या खाली, दारातून आत येणाऱ्याला समोर दिसेल अशी. कोणी विचारलं तर दाखवायला. काय सांगायचं तेही तिचं ठरलेलं होतं, मला शेकडो वेळा ऐकवलेलं. "म्हणाचं, भाऊ, हे फुकट हाये, पण चोरीचं नाही. पाह्यजे तं एक तुम्हीही घेऊन जा." मी म्हणायचे, "बस कर वं, कोणी येत नाही." आणि खरोखरच कोणी आलं नाही. इतक्या वर्षांत पोलीस आले नाहीत, कंपनीवाले आले नाहीत, एका बापानं विचारलं नाही. ती एवढी झिजली, आणि तो प्रश्न तिला कोणी कधी विचारलाच नाही. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

गेल्या आठवड्यात मी क्लासच्या खोलीची चाबी परत द्यायला गेले. सलीमभाई काही बोलले नव्हते, पण त्यांच्याकडे वाइंडिंगला आलेल्या मोटारी अंगणात पावसात पडलेल्या मला दिसत होत्या. त्यांना ती खोली लागणार. आणि माझंही वय झालं. मराठी मला शिकवता येत नाही, आणि त्या खोलीत एकटीनं बसवत नाही. म्हटलं, एकदा आत जाऊन यावं, मग देऊन टाकावी. दार उघडलं. मशीनवर खोळ नव्हती. ती दवाखान्यात गेली त्या दिवसापासून नव्हती. पडद्यावर बोट फिरवलं तर धूळ.

तेवढ्यात दारात कोणी खाकरलं. टोपी घातलेला एक माणूस आणि त्याच्या मागं पोरगी, ओढणीचं टोक हातात गुंडाळत उभी. "बाजी हायेत काय?" मी सांगितलं. त्यानं टोपी काढली. "मले मालूम नव्हतं, ताई. आम्ही फुलसावंगीकडचे. तिकडे सगळे म्हणे, पोरीले पाठवाचं तं बाजीकडे पाठव..." तो बोलता बोलता थांबला. खोलीकडे पाहिलं, टाइपरायटरांकडे, मशीनकडे. जावं की थांबावं हे त्याचं ठरत नव्हतं. मी सांगणारच होते की क्लास आता बंद. मग तो म्हणाला, "एक विचारू काय? राग नका मानू. पोरगी पहिल्यांदा घराबाहेर निघून राह्यली. मागं त्या दुकानाचं आम्ही ऐकलं होतं... इथं तसं काही चोरीचं-बिरीचं, पोलिसांचं लफडं तं नाही न?"

इतकी वर्षं... आणि आज? महिनाभर आधी आला असतास तर तुझं काय बिघडलं असतं रे बाबा? ती याच खुर्चीवर बसली होती. मी पाठ फिरवली, स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि घड्याळाखालचं ते पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. आणि जे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते, ते जसंच्या तसं म्हटलं, "नाही, भाऊ. हे फुकट हाये, पण चोरीचं नाही. पाह्यजे तं एक तुम्हीही घेऊन जा."

त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं ते पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि दोन्ही हातांनी मला परत दिलं. "उद्या कोणत्या वक्ताले पाठवू?" त्यानं विचारलं. मी वेळ सांगितली. पोरगी पहिल्यांदाच वर बघून हसली, आणि ते दोघे स्टँडकडे निघाले.

मी पाकीट परत लावलं. पडदा पुसला. खोळ खुर्चीच्या पाठीवर होती, तिच्या जुन्या हिरव्या ओढणीची. दारात जाऊन झटकली, मशीनवर घातली, चारी बाजूंनी ओढून घेतली, तिला आवडायची तशी. मग कुलूप लावलं आणि चाबी कमरेला खोचली. सलीमभाई अंगणातून बघत होते, त्यांना ती मागायची होती की नाही कोण जाणे, त्यांनी मागितली नाही.

"टाकली वं, टाकली," मी बंद दारासमोर उभी राहून मोठ्यानं म्हटलं.